माणिकगडच्या पहाडातील पायवाटा

चंद्रपूर जिल्हा म्हटले की शहरी वाचकाच्या डोळ्यांपुढे ताडोबाचा वाघ, कोळशाच्या खाणी आणि मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे जाणारा पारा एवढ्याच गोष्टी उभ्या राहतात. याच जिल्ह्याच्या नैर्ऋत्येला, वर्धा नदी ओलांडून राजुऱ्याच्या पुढे गेले की कापसाच्या काळ्या रानाच्या कडेला एक लांबच लांब पहाड आडवा पसरलेला दिसतो. हा माणिकगडचा पहाड. त्याच्या पायथ्याशी वसलेले गडचांदूर आता सिमेंटचे गाव म्हणून ओळखले जाते. पहाडाच्या माथ्यावर जिवती तालुका पसरला आहे आणि त्याच्या पलीकडे तेलंगणाची हद्द लागते. या भागातला माणूस 'पहाडावर चाललो' असे म्हणतो तेव्हा त्याला माथ्यावरच्या गावांकडे जायचे असते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

पायथ्याच्या आणि माथ्याच्या या गावांभोवती पायवाटांचे एक जाळे आहे. कुणी अभियंत्याने ते आखले नाही आणि कोणत्याही खात्याने त्यावर खर्च केला नाही. पिढ्यान् पिढ्या माणसे आणि गुरे चालत राहिली, म्हणून ते तयार झाले. आज त्यातल्या अनेक वाटा गवताखाली, कुंपणाआड किंवा खाणीच्या खड्ड्यात जात आहेत. वाट नाहीशी होणे ही वरवर किरकोळ वाटणारी बाब आहे. परंतु जंगलाकाठच्या गावात वाटेबरोबर पाणी, सरपण, मोहफूल, देव आणि शेजारचे गावही दुरावत असते. म्हणून या वाटा कशा घडतात, त्यांना कायद्यात काय स्थान आहे आणि त्यांवरून चालू इच्छिणाऱ्या शहरी माणसाने काय जाणून घ्यावे, हे पाहणे उपयुक्त ठरेल.

खडूचा धाकटा, चुनखडीचा थोरला

इंग्लंडच्या दक्षिण भागातील खडूच्या टेकड्या पायी भटकणाऱ्यांमध्ये जगप्रसिद्ध आहेत. तेथील खडू हा समुद्रातील सूक्ष्म जीवांच्या कवचांचा थर असून तो साधारण १० कोटी ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी साचला. नखाने खरवडला जाईल इतका तो मऊ असतो. माणिकगडच्या पायथ्याची चुनखडी रासायनिक दृष्ट्या त्याच कुळातली, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचीच. परंतु वयाने ती कितीतरी थोरली आहे. भूशास्त्रज्ञ या खडकांना पैनगंगा समूह या नावाने ओळखतात. जमिनीवर वनस्पती किंवा प्राणी यायचे होते, त्याच्याही कित्येक कोटी वर्षे आधी एका प्राचीन समुद्राच्या तळाशी हे थर बसले. काळाच्या ओझ्याखाली ते घट्ट झाले आणि आज करड्या, फिकट गुलाबी किंवा काळपट रंगाच्या फरशांसारखे एकावर एक रचलेले दिसतात.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे प्रचंड पूर आले. त्यांचे थर या भागातही पसरले. म्हणून या पहाडाची घडण दोन मजली आहे. पायथ्याशी व सखल भागात चुनखडी, तर माथ्यावर सह्याद्रीत आढळतो तसाच काळा पाषाण आणि त्याच्यापासून बनलेली काळी माती. चालणाऱ्याच्या पायांना हा फरक नकाशाशिवाय कळतो. चुनखडीवरची वाट फरशांच्या नैसर्गिक पायऱ्यांवरून चढते आणि पाऊस थांबला की लवकर कोरडी होते. काळ्या मातीतली वाट पावसाळ्यात पायाला चिकटते, वहाण ओढून घेते आणि उन्हाळ्यात हातभर खोल भेगांनी फाटते.

पाण्याचा हिशेबही या घडणीतच दडलेला आहे. पावसाच्या पाण्यात हवेतला व मातीतला कार्बन डायऑक्साइड मिसळला की ते किंचित आम्लधर्मी होते आणि चुनखडी हळूहळू विरघळवते. खडकातल्या फटी रुंदावतात आणि पाणी पृष्ठभागावर न थांबता खाली उतरते. वर्षाकाठी हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करावी लागते, त्याची काही कारणे माणसाने निर्माण केलेली असली तरी एक कारण पायाखालच्या खडकातही आहे. झरा, नाल्यातला डोह किंवा नाल्याच्या वाळूत खणलेला झिरा जिथे बारमाही टिकतो, तिकडे गावाच्या वाटा वळतात. अनोळखी प्रदेशात चार दिशांनी येणाऱ्या वाटा एकत्र येताना दिसल्या, तर तिथे पाणी, देव किंवा बाजार यांपैकी काहीतरी असणार असे बेलाशक समजावे.

वाट कशी घडते

गावाभोवतीच्या वाटा सरसकट एकसारख्या नसतात. त्यांचे प्रकार ओळखता आले तर गावाचे जीवनच वाचता येते.

पहिली पांदण. विदर्भात शेतांच्या मधून जाणाऱ्या, दोन्ही बाजूंना झुडपांची किंवा बांधांची कड असलेल्या बैलगाडीच्या रस्त्याला हा शब्द आहे. पश्चिम महाराष्ट्रात त्यालाच पाणंद म्हणतात. पांदण गावापासून निघते आणि शेवटच्या शेताशी संपते. तिच्या रुंदीचा मापदंड बैलगाडी हा असतो. पावसाळ्यात तिचाच नाला होतो, आणि शेतकऱ्यांच्या निम्म्या तक्रारी तिच्यापासून सुरू होतात.

दुसरी गुरांची वाट. सकाळी गावच्या आखरावर गुरे जमतात आणि गुराखी त्यांना जंगलाकडे हाकतो. शेकडो खुरांनी तुडवलेली ही वाट जंगलाच्या तोंडाशी रुंद असते, पुढे ती फाटत फाटत बारीक होते आणि शेवटी गवतात विरून जाते. नवखा माणूस जंगलात चुकतो तो बहुधा याच वाटेने, कारण ती ठळक दिसते पण कुठेही पोचवत नाही. गुरे चरायला जातात, मुक्कामाला नव्हे, हे तो विसरतो.

तिसरी वेचणीची वाट. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, त्यानंतर चारोळी, मे महिन्यात तेंदूपाने, पावसाळ्यात रानभाज्या आणि कोवळे बांबू, हिवाळ्यात सरपण अशा क्रमाने या वाटा जाग्या होतात आणि झोपी जातात. वर्षातून पंधरा दिवसच वापरात येणारी वाट बाहेरच्या माणसाला दिसत नाही. मोहाची झाडे मात्र कुटुंबागणिक वाटून घेतलेली असतात, आणि घरातल्या बाईला पहाटेच्या अंधारातही आपल्या झाडापर्यंतची वाट पायांनीच समजते.

चौथी बाजारवाट. गुडा हे इकडच्या वाडीचे नाव. गोंड, कोलाम यांचे अनेक गुडे पहाडाच्या घड्यांत विखुरलेले आहेत. कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम या तीन जमातींची महाराष्ट्रात आदिम जमाती म्हणून नोंद आहे. त्यांपैकी कोलामांची वस्ती यवतमाळप्रमाणे येथेही आहे. डांबरी रस्ता घाटाच्या वळणांनी फिरून येतो, तर बाजारवाट डोंगराच्या सोंडेवरून सरळ उतरते. डोक्यावर ओझे घेऊन चालणाऱ्याला अंतरापेक्षा चढाव जास्त छळतो, म्हणून अशा वाटेचा कल लक्षपूर्वक पाहावा. ती कुठेही एकदम उभी होत नाही आणि जिथे दम लागतो, तिथे बहुधा सावलीचे झाड असते.

किल्ला आणि देवाची वाट

पहाडावरची सर्वांत परिचित वाट अर्थातच माणिकगडाची. गडचांदूरहून जिवतीकडे घाट चढून जाणाऱ्या रस्त्यालगत, समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर हा किल्ला उभा आहे. नवव्या शतकात माना जमातीच्या नागवंशी राजांनी तो बांधला, अशी परंपरा सांगितली जाते. दरवाजावरील नागाचे शिल्प त्या परंपरेशी जुळते. पुढे तो चांद्याच्या गोंड राजांकडे गेला. तटबंदी काळ्या पाषाणाची आहे. माथ्याचा दगड काळा आणि पायथ्याचा करडा, हे ध्यानात ठेवले तर किल्ला याच रंगाचा का, याचे उत्तर आपोआप मिळते. पायथ्याशी अमलनाला प्रकल्पाचा जलाशय आहे. तटावरून एका बाजूला जलाशयाचे पाणी व दाट झाडी आणि दुसऱ्या बाजूला सिमेंट कारखान्यांच्या चिमण्या दिसतात. या प्रदेशाची सध्याची अवस्था समजण्यासाठी एवढे दृश्य पुरेसे आहे.

याहून जुन्या, परंतु पर्यटकांच्या यादीत नसलेल्या वाटा देवाच्या आहेत. महाराष्ट्र-तेलंगण सीमेवर, परमडोली व महाराजगुडा या गावांच्या परिसरात जंगुबाईचे गुहास्थान आहे. पौष महिन्यात दोन्ही राज्यांतले आदिवासी तेथे दर्शनाला येतात. सीमेपलीकडे केसलापूरला पौष अमावास्येपासून नागोबाची जत्रा भरते. त्या जत्रेसाठी मेश्राम कुळातले गोंड गोदावरीचे पाणी आणण्यासाठी अनेक दिवस अनवाणी चालतात, वाटेतल्या ठरलेल्या गावी मुक्काम करतात आणि ठरलेल्या झाडाखाली पाण्याचा कलश ठेवतात. पंढरीच्या वारीची सवय असलेल्या मराठी माणसाला हे समजणे अवघड नाही. येथे चालणे हाच विधी आहे. वाट बदलली तर विधी बिघडतो.

या वाटांनी राज्यांच्या सीमा फारशा मानलेल्या नाहीत, आणि त्याला इतिहास आहे. राजुरा तालुका पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा तालुका नांदेड जिल्ह्याला जोडला गेला आणि १९५९ मध्ये तो चांदा जिल्ह्यात आला. जिवती परिसरातील १४ गावांवर आजही दोन राज्ये दावा सांगतात. दक्षिणेकडच्या आसिफाबादच्या डोंगरात जोडेघाट येथे १९४० मध्ये कुमरम भीमा यांनी जल, जंगल, जमिनीसाठी प्राण दिले. राखीव वनांच्या नव्या रेषांनी गावांची शेते आणि वाटा तोडल्या, हे त्या उठावामागचे एक मोठे कारण होते. पायवाटेचा प्रश्न या भागात नवा नाही, तो असा जुनाच आहे.

कागदावरची वाट

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. वाट आहे, हे सरकार कशावरून ओळखते?

शेतजमिनीतून जाणाऱ्या वाटेसाठी पहिला पुरावा गावनकाशा हा असतो. भूमी अभिलेख कार्यालयात मिळणाऱ्या या नकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ नुसार शेताच्या बांधावरून वाट देण्याचा निर्णय तहसीलदार करू शकतो. वहिवाटीची वाट कुणी अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ नुसार सहा महिन्यांच्या आत दाद मागता येते. याच संहितेत आणखी दोन तरतुदी आहेत, ज्यांची आठवण क्वचितच काढली जाते. कलम १६१ मधील निस्तार पत्रक आणि कलम १६५ मधील वाजिब-उल-अर्ज. निस्तार पत्रकात गावाने पडीक जमिनीतून चराई, सरपण, लाकूडफाटा कसा घ्यावा याची नोंद असते. वाजिब-उल-अर्जमध्ये खाजगी जमिनीतील व पाण्यातील पाटाचा, मासेमारीचा आणि जाण्यायेण्याच्या वाटेचा रूढ हक्क लिहिलेला असतो. शब्द फारसी असला तरी वस्तू अगदी घरगुती आहे. गावाची वहिवाट गावाच्याच तोंडून ऐकून लिहून ठेवणे, एवढाच त्याचा अर्थ.

वाट जंगलात शिरली की कायदा बदलतो. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात अनधिकृत प्रवेश हा गुन्हा आहे. कलम २५ नुसार राखीव वनातील सार्वजनिक किंवा खाजगी वाट राज्य सरकारच्या पूर्वसंमतीने बंद करता येते. मात्र त्याच कलमात एक अट आहे. बंद केलेल्या वाटेला पुरेशी सोयीची पर्यायी वाट आधीच असली पाहिजे किंवा ती करून दिली पाहिजे. इंग्रजी अमदानीतल्या कायद्यानेही वाटेचे मोल एवढे तरी मानले होते. अडचण अशी की पर्याय मागण्यासाठी मूळ वाट होती हे सिद्ध करावे लागते, आणि जी वाट कधी लिहिलीच गेली नाही, ती सिद्ध कशी करणार?

या ठिकाणी वन हक्क कायदा, २००६ महत्त्वाचा ठरतो. या कायद्याने निस्तारासारखे सामूहिक हक्क, मग ते कोणत्याही नावाने ओळखले जात असोत आणि पूर्वीच्या संस्थानी वा जमीनदारी राजवटीतले असोत, मान्य केले. शिकार वगळता रूढीने चालत आलेला इतर कोणताही पारंपरिक हक्कही त्यात बसतो. मोहाच्या झाडापर्यंत, पाणवठ्यापर्यंत किंवा देवस्थानापर्यंत जाण्याचा हक्क त्या झाडाच्या, पाण्याच्या आणि देवाच्या हक्कापासून वेगळा काढता येत नाही. ग्रामसभेने दावा करताना वाटांचा नकाशा जोडला, तर बोलीतली वहिवाट पहिल्यांदा कागदावर येते.

तुलनेसाठी इंग्लंडकडे पाहता येईल. तेथे १९४९ च्या कायद्याने प्रत्येक परगण्याला सार्वजनिक पायवाटांचा अधिकृत नकाशा तयार करणे बंधनकारक केले. इंग्लंड आणि वेल्समध्ये आज अशा नोंदलेल्या वाटा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर भरतात. खडूच्या टेकड्यांवरून जाणारी, विंचेस्टर ते ईस्टबोर्न ही सुमारे १६० किलोमीटरची वाट त्यातलीच. हे सर्व सरकारच्या औदार्याने झाले नाही. १९३२ मध्ये किंडर स्काउट या पठारावर शेकडो कामगारांनी जमीनदारांची बंदी मोडून सामूहिक पदयात्रा काढली, काही जणांनी तुरुंगवास सोसला, तेव्हा कुठे पुढच्या कायद्यांना वाट मोकळी झाली. तेथील चळवळ सुटीच्या दिवशी मोकळ्या हवेत फिरण्यासाठी होती. आपल्याकडे प्रश्न पोटापाण्याचा आहे. धडा मात्र दोन्हीकडे एकच आहे. नोंदलेली वाट अडवणे कठीण असते.

खाण, कुंपण आणि मोटारसायकल

वाटा नाहीशा होण्याची कारणे अनेक आहेत आणि सर्वांचा दोष एकाच्या माथी मारता येणार नाही.

पहिले कारण चुनखडीच. एक टन क्लिंकर, म्हणजे सिमेंटचा भाजलेला कच्चा गोळा, बनवण्यासाठी साधारण दीड टन चुनखडी लागते. ती लांबून वाहून आणणे परवडत नाही, म्हणून कारखाना खाणीजवळच उभा राहतो. १९८० च्या दशकापासून आवारपूर, गडचांदूर आणि नंतर उपरवाही, नारंडा या भागात सिमेंट कारखाने आले, ते याच गणिताने. त्यांनी रोजगार दिला, रस्ते आणि बाजारपेठ आणली. आपल्या शहरांतल्या इमारतींमध्ये या पहाडाच्या पायथ्याचा काही अंश नक्कीच आहे. परंतु खाण उघडी असते, ती पसरत जाते आणि सुरुंगाच्या धोक्यामुळे तिच्याभोवती कुणाला फिरू देता येत नाही. ज्या वाटेची नोंद नाही तिची भरपाई कुठल्याच हिशेबात धरली जात नाही. शेताचा मोबदला मिळतो, झाडाची किंमत ठरते. पाणवठ्यापर्यंतचा फेरा दोन किलोमीटरने वाढला, तर त्याचा रकाना कुठल्याही तक्त्यात नसतो.

दुसरे कारण कुंपण. रोपवन, धरण, रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी घातलेली तार यांपैकी प्रत्येकाला आपले समर्थन आहे. तरीही प्रत्येक कुंपण कुणाची तरी वाट तोडते.

तिसरे कारण मोटारसायकल. डांबरी रस्ता झाल्यावर तरुण मंडळी बाजाराला घाटातून दुचाकीवर जातात. बाजारवाट म्हाताऱ्यांपुरती उरते आणि म्हातारे गेले की घाणेरीच्या झुडपांत बुजून जाते. यात कुणी खलनायक नाही. दवाखान्यात लवकर पोचण्यासाठी रस्ता हवाच. पण रस्त्यावर पाणवठा नसतो, मोहाचे झाड नसते. ज्या घरात दुचाकी नाही, त्या घरातल्या बायकांना जुनीच वाट धरावी लागते, आणि आता ती निर्जन झालेली असते. निर्जन वाट म्हणजे काय, हे या भागात फोड करून सांगण्याची गरज नाही.

वाघाचीही वाट

राजुरा आणि विरूर परिसरात २०१९ व २०२० मध्ये आरटी-१ या नावाने ओळखल्या गेलेल्या वाघाच्या हल्ल्यांत आठ जणांचा बळी गेला. दीर्घ शोधानंतर २७ ऑक्टोबर २०२० रोजी तो जेरबंद झाला. मे २०२५ मध्ये जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात दगावल्या. ताडोबाचा वाघ आता ताडोबात मावत नाही. तेलंगणातील कवाल व्याघ्र प्रकल्पाकडे जाणारा त्याचा मार्ग राजुरा, गोंडपिपरी आणि पहाडाच्या परिसरातून जातो.

येथे एक गोष्ट समजून घ्यावी लागते. काट्याकुट्यातून वाकडेतिकडे जाण्यापेक्षा मळलेल्या वाटेने चालणे वाघालाही सोपे पडते. वन्यजीव अभ्यासक छुपे कॅमेरे बहुधा जंगलरस्त्यांच्या कडेला बसवतात, ते याच कारणाने. म्हणजे वाट दोघांचीही आहे. फरक वेळेचा आहे. पूर्वी सकाळी उशिरा जंगलात शिरणे आणि दिवस कलण्याआधी परतणे, घोळक्याने जाणे, बोलत-हाका मारत चालणे हे सर्व वाटेच्या शिस्तीचे भाग होते. मोहफुलांच्या हंगामात ही शिस्त मोडते, कारण फुले पहाटे पडतात आणि उशीर झाला तर ती गुरे व हरणे खाऊन टाकतात. खाली वाकून फुले किंवा पाने गोळा करणारा माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असे वनाधिकारी आणि गावकरी दोघेही सांगतात. वाटेच्या कडेची झुडपे साफ असणे, वाट वर्दळीची असणे आणि वनरक्षकाचा निरोप गावात वेळेवर पोचणे या तीन साध्या गोष्टींवर येथे जीव अवलंबून असतो. वाटा टिकवण्याचा आग्रह म्हणूनच केवळ परंपरेपोटी धरलेला नाही.

मेंढ्याचा धडा

चंद्रपूरमधून १९८२ मध्ये वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात या प्रश्नाचे एक उत्तर सापडते. या जिल्ह्याचा सुमारे ७० टक्के भाग वनाच्छादित आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावाने १९८० च्या दशकापासून ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घेण्याची पद्धत पाडली आणि जंगलाचा अभ्यास करण्यासाठी अभ्यासगट चालवले. डिसेंबर २००९ मध्ये मेंढा आणि मर्दा या गावांना वन हक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाले. मेंढ्याच्या वाट्याला सुमारे १,८०९ हेक्टर जंगल आले. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. २०१३ मध्ये गावाने ग्रामदानाचाही निर्णय घेतला.

वृत्तपत्रांतून या कहाणीतला बांबू आणि त्याचा पैसा अधिक गाजला. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब वेगळी आहे. हक्क मागण्यापूर्वी गावाला आपली हद्द, आपले नाले, आपली झाडे सांगता आली पाहिजेत. हे ज्ञान चालण्यातून येते. ज्या गावातले लोक आपल्या शिवारात नेहमी फिरतात, त्यांना आपला नकाशा कुणाकडून विकत आणावा लागत नाही. माणिकगडच्या पहाडातील गावांनी हे जसेच्या तसे करावे असे कुणी म्हणणार नाही. येथे गोंड, कोलाम यांच्याबरोबर बंजारा आणि मराठवाड्यातून येऊन स्थिरावलेली कुटुंबेही आहेत, जमिनीचे वाद गुंतागुंतीचे आहेत आणि खनिजाचा दबाव मोठा आहे. परंतु शाळेतली मुले आणि म्हातारी माणसे यांनी मिळून चार दिवस शिवार फिरावे, प्रत्येक वाटेचे नाव, ती कुठून कुठे जाते आणि कोणत्या महिन्यात वापरली जाते हे लिहावे, ग्रामसभेत ते वाचून ठरावासह नोंदवावे, एवढे तर कुठेही करता येण्याजोगे आहे. त्याला निधी लागत नाही.

चालणाऱ्यासाठी चार गोष्टी

शहरातून येणाऱ्याने या वाटांवर चालूच नये का? अवश्य चालावे, पण पाहुण्याच्या नात्याने. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मार्चनंतर ऊन सोसवत नाही आणि तो वेचणीचा हंगाम असल्याने गावकऱ्यांना सवड नसते. पावसाळ्यात नाल्यांना अचानक पूर येतो. निघण्यापूर्वी वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करावी. राखीव वनात परवानगीशिवाय शिरू नये आणि परिसरात वाघाचा वावर असल्याचे कळले तर बेत सरळ रद्द करावा. खाणीच्या हद्दीत पाऊल टाकू नये.

गावातला वाटाड्या बरोबर घ्यावा आणि त्याला दिवसाची योग्य मजुरी द्यावी. सकाळी ऊन वर आल्यावर निघून दुपारी चारच्या आत परतण्याचा हिशेब ठेवावा. सपाटीवर तासाला चार किलोमीटर आणि चढावावर त्याच्या निम्मे अंतर धरले तर चूक होत नाही. प्रत्येकी तीन लिटर पाणी जवळ असावे. उन्हाळ्याच्या तोंडावर गावाच्या विहिरीवर भार टाकू नये. मोहाखालची जमीन झाडून स्वच्छ केलेली दिसली तर ती कुणाच्या तरी घरची आहे, हे समजून बाजूने जावे. देवाच्या झाडाखालचे काही उचलू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, एखादी आडवाट सापडली म्हणून तिचा नकाशा परस्पर जगभर पसरवू नये. त्या वाटेची नोंद कुणी, कुठे आणि कशासाठी करावी, हे ठरवण्याचा पहिला अधिकार त्या गावाचा आहे.

माणिकगडाच्या तटावरून उतरताना पायांखाली आधी काळा पाषाण लागतो, मग काळी माती आणि शेवटी करडी चुनखडी. हे थर साचायला कोट्यवधी वर्षे लागली. त्यांवरची पायवाट त्या मानाने कालची. पण ती बुजायला दोन-तीन पावसाळेही पुरतात. खडकाची मोजदाद आपण टनांमध्ये चोख ठेवतो. वाटेची नोंद ठेवायला एक वही, एक पेन्सिल आणि तिच्यावरून आयुष्यभर चाललेला एक माणूस पुरेसा आहे. असा माणूस अजून प्रत्येक गुड्यात आहे, तोवर ही वही लिहून झाली पाहिजे.